चौकातला दिवा कोणाच्या हाती?

श्रोतेहो, सन २००५ च्या ऑगस्ट महिन्याच्या १० तारखेला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एका भल्या मोठ्या कायद्यावर सही केली. देशभरचे हमरस्ते, पूल आणि बसगाड्या यांवर पुढली काही वर्षे किती पैसा खर्च करायचा, हे ठरवणारा तो कायदा होता. त्याच्या पानांच्या गर्दीत एक लहानसे कलम होते. अधिकार नसलेल्या माणसाने चौकातला तांबडा दिवा हिरवा करणारे यंत्र वापरले, तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकेल. आणि असे यंत्र त्याला जाणूनबुजून विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत, असे ते कलम सांगत होते.

आता हे यंत्र असते तरी केवढे? हातात मावेल एवढे. मोटारीच्या पुढच्या काचेपाशी ठेवायचे, विजेसाठी त्याची तार सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसायची आणि चौक जवळ आला की कळ दाबायची. थोड्या वेळात समोरचा तांबडा दिवा जाऊन हिरवा लागतो. एवढ्याशा डबीसाठी एका देशाच्या संसदेने कायदा का करावा? दोन मिनिटे वाचवणाऱ्या माणसाला तुरुंग दाखवण्याइतका हा गुन्हा मोठा आहे का? याचे उत्तर हवे असेल, तर चौकात दिवा आला कसा आणि तो कोणाच्या हाती दिला गेला, हे आधी पाहिले पाहिजे.

चौकातला पहिला सिग्नल लंडनमध्ये, पार्लमेंटच्या इमारतीजवळ, १८६८ च्या डिसेंबरात उभा राहिला. त्या वेळी मोटारी नव्हत्या. घोड्यांच्या गाड्यांचीच इतकी दाटी होई, की पायी चालणाऱ्याला रस्ता ओलांडणे जिवावरचे काम वाटे. हा सिग्नल सुचवला जे. पी. नाइट नावाच्या गृहस्थांनी. ते रेल्वेच्या सिग्नलांचे जाणकार होते. म्हणून त्यांनी रेल्वेचीच नक्कल रस्त्यावर आणली. दिवसा खांबाचे हात वरखाली होत, रात्री तांबडा आणि हिरवा असे गॅसचे दिवे लागत. खांबापाशी पोलीस शिपाई उभा राहून दांडा फिरवी. पुढे महिनाभरातच, १८६९ च्या जानेवारीत, गॅस गळून स्फोट झाला, शिपाई जखमी झाला आणि तो प्रयोग तिथेच आटोपला.

प्रयोग फसला, पण त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रस्त्याचा सिग्नल हा रेल्वेच्या सिग्नलाचा धाकटा भाऊ. रेल्वेच्या सिग्नलाची रीत आपल्या खेडोपाडीच्या माणसालाही ठाऊक आहे. गाडी स्टेशनाबाहेर कितीही वेळ उभी राहो, आतले उतारू कितीही खोळंबोत, सिग्नल मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. आणि तो सिग्नल ड्रायव्हरच्या हातात नसतो, उतारूच्या तर नसतोच नसतो. तो केबिनमधल्या माणसाच्या हातात असतो. इतकेच नव्हे, तर १८५६ साली इंग्लंडात जॉन सॅक्स्बी यांनी रुळांचे सांधे आणि सिग्नल यांचे दांडे एकमेकांत अडकवण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. पुढे ही युक्ती सुधारत गेली, आणि सांधे एका बाजूला व सिग्नल भलत्याच बाजूला, असा घोटाळा केबिनमधल्या माणसाला करू म्हटले तरी करता येईना. म्हणजे सिग्नल ज्याच्या हाती, त्याच्याही हाताला बंधन. जिथे एका चुकीने शंभर जीव जातात, तिथे असेच असावे लागते.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. ५ ऑगस्ट १९१४ रोजी ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात युक्लिड अ‍ॅव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर विजेचा सिग्नल सुरू झाला. त्याची योजना जेम्स होज यांची. चार कोपऱ्यांवर चार खांब, प्रत्येकावर तांबडा-हिरवा अशी दिव्यांची जोडी, आणि बाजूच्या खोपटीत बसलेला शिपाई. त्याच्यापाशी एक कळ. तारा अशा जोडल्या होत्या, की दोन आडव्या रस्त्यांना एकाच वेळी हिरवा दिवा लागणे अशक्य. रेल्वेचीच शिकवण ही.

परंतु होज यांनी आणखी एक सोय योजली होती, आणि आजच्या आपल्या विषयाचे बीज तिच्यात आहे. पोलीस ठाणे आणि आगीच्या बंबाचे ठाणे यांना गरजेच्या वेळी हे दिवे आपल्या हाती घेता यावेत, अशी ती सोय. पाहा, विजेचा सिग्नल जन्मला तेव्हाच त्याच्या बरोबरीने त्याला अपवादही जन्मला. सर्वांनी थांबावे हा नियम, आणि आग विझवायला निघालेल्याने थांबू नये हा अपवाद. हा अपवाद नियमाच्या विरुद्ध नव्हता, तो नियमाचाच भाग होता. कारण ज्याचे घर पेटले आहे तो त्या चौकात उभाच नसतो. तो कुठेतरी दूर वाट पाहत असतो. त्याच्या वतीने बंबाने वाट मागायची आणि बाकीच्यांनी ती द्यायची.

१९२० साली डेट्रॉइट शहरात विल्यम पॉट्स नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने तांबड्या-हिरव्याच्या मध्ये पिवळा घालून चारी बाजूंना तोंड असलेला सिग्नल उभा केला. पुढे खोपटीतला शिपाई गेला, आणि ठरल्या वेळी आपोआप बदलणारे दिवे आले. चौकाच्या कोपऱ्यावर एक लोखंडी पेटी, आणि तिच्यातले यंत्र दिवे फिरवणार. पण यंत्राला आगीचा बंब कसा ओळखू यावा? माणूस घंटेचा आवाज ऐकून वाट करून देई. पेटीला ना कान, ना डोळे. बंबवाले तांबडा दिवा ओलांडूनच जात, आणि आडव्या रस्त्याने हिरवा पाहून बेधडक येणाऱ्या मोटारीशी टक्कर होण्याचा धोका असे. दुसऱ्याचा जीव वाचवायला निघालेले स्वतःच जायबंदी व्हायचे.

यावर उपाय काढला तो मिनेसोटा राज्यातल्या थ्री-एम कंपनीने, १९६० च्या दशकाच्या अखेरीस. त्यांनी पेटीला डोळा दिला. बंबाच्या टपावर एक झगझगीत दिवा बसवायचा. तो एका ठरावीक लयीने उघडझाप करणार, सेकंदाला सुमारे १४ वेळा. सिग्नलाच्या दांड्यावर त्या प्रकाशाची चाहूल घेणारा डोळा. त्याने ती लय ओळखली, की पेटीतले यंत्र आडव्या रस्त्याला आधी पिवळा, मग तांबडा दाखवणार आणि बंबाच्या वाटेवर हिरवा धरून ठेवणार. बसगाड्यांसाठी जरा संथ लय, सेकंदाला सुमारे १०. तिचा मान दुसरा. पुढे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनीही हेच काम होऊ लागले. मोटारीचे पुढचे दिवे भराभर लावले-विझवले की सिग्नल बदलतो, अशी एक लोकवार्ता आहे. तिच्यात तथ्य नाही. हाताने ती लय साधत नाही.

व्यवस्था चांगली होती. तिने किती तरी बंबांची आणि रुग्णवाहिकांची वाट सुकर केली. पण तिच्यात एक उणीव होती. सिग्नलाचा डोळा फक्त लय ओळखी, माणूस ओळखत नसे. कोण आले आहे, हे तो विचारी ना. लुकलुक बरोबर आहे ना, मग जा, असे त्याचे काम. दाराला कडी होती, कुलूप नव्हते. आता असे दिवे सरकारी खात्यांनाच विकले जात, आणि घरी बसून असले यंत्र करील कोण, हा भरवसा. त्या भरवशावर जवळजवळ तीन तपे निभावली.

मग इंटरनेट आले. सन २००३ च्या सुमारास अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतून बातम्या येऊ लागल्या, की तीच लय काढणारी छोटी यंत्रे संगणकावरून मागवता येतात, तीनशे-पाचशे डॉलरांना. ही फक्त पोलीस व बंबवाल्यांसाठी आहेत, अशी सूचना विकणारे जोडीला देत. पण घेणारा खरोखर बंबवाला आहे की नाही, हे कोण तपासणार? शिवाय थोडीशी विद्युतशास्त्राची जाण असलेल्याला ते घरी कसे बनवावे, हेही लिहिलेले मिळू लागले. जे पूर्वी कोणाला सुचत नव्हते, ते आता कोणालाही जमण्यासारखे झाले.

बरं, यात नुकसान ते काय? एका माणसाची दोन मिनिटे वाचली, एवढेच ना? हिशेब करून पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे शहरातले सिग्नल एकेकटे नसतात. एका रस्त्यावरचे आठ-दहा सिग्नल एकमेकांशी ताल धरून चालतात, म्हणजे एका चौकातून सुटलेल्या गाड्यांना पुढच्या चौकातही हिरवा मिळावा. मध्येच एकाने एक सिग्नल ओढून घेतला, की तो ताल मोडतो, आणि मूळ तालावर यायला दिव्यांच्या काही फेऱ्या जाव्या लागतात. म्हणजे एकाच्या दोन मिनिटांची किंमत शेकडो अनोळखी माणसे चुकवतात, आणि आपण का खोळंबलो हे त्यांना कधी कळतही नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. अशा बहुतेक व्यवस्थांत एकाच दर्जाच्या दोन लुकलुका आल्या, तर जी आधी पोचेल तिचा मान पहिला. समजा, एका रस्त्याने घाईतला मोटारवाला आपली डबी घेऊन आला आणि आडव्या रस्त्याने खरा बंब आला. डबी चार क्षण आधी पोचली. मग हिरवा मिळेल डबीला आणि तांबडा मिळेल बंबाला! ज्या युक्तीने बंबाला वाट द्यायची, तिनेच त्याची वाट अडवायची. पेटलेल्या घरातला माणूस चार मैलांवर खिडकीशी उभा आहे, त्याला या चौकातली ही झटापट ठाऊकही नाही.

आणि तिसरी गोष्ट विश्वासाची. तांबड्या दिव्यात काय बळ आहे? काचेमागचा उजेड तो. गाडी अडवायला त्याला ना हात, ना साखळी. आपण थांबतो ते एवढ्यासाठी, की पलीकडचाही त्याच्या पाळीला थांबेल अशी आपली खात्री असते. आज मी थांबतो, उद्या तो थांबेल. पैसे टाकून पाळी विकत घेता येते असे एकदा लोकांना कळले, की त्या दिव्याचा दरारा ओसरतो. मग खऱ्या रुग्णवाहिकेकडेही लोक संशयाने पाहतात.

याच्या उलट बाजूनेही काही म्हणता येते, आणि ते ऐकून घेतले पाहिजे. कोणी म्हणेल, माझी बायको बाळंतपणाला अडली आहे, तिला घेऊन मी निघालो, तर माझी घाई बंबाच्या घाईपेक्षा कमी आहे का? नाही, कमी नाही. पण तिथे प्रश्न घाईचा नाही, निवाड्याचा आहे. आपल्या घाईचा न्याय आपणच करू लागलो, तर कोणाची घाई छोटी ठरेल? कचेरीला उशीर झालेला, गाडी चुकत असलेला, नाटकाची पहिली घंटा हुकत असलेला, प्रत्येक जण आपापल्या मनाच्या कोर्टात निकाल जिंकूनच येतो. म्हणून अडलेल्या बाईसाठी रुग्णवाहिका असते, आणि वाट मागण्याचा हक्क त्या रुग्णवाहिकेला असतो.

अमेरिकेत रस्त्यांचे बहुतेक नियम निरनिराळी राज्ये करतात. काही राज्यांनी या डबीवर बंदी घातलीही. पण एका राज्यात बंदी आणि शेजारच्या राज्यातून टपालाने माल, अशी गत झाली. राज्याराज्यांतला व्यापार हा मध्यवर्ती सरकारचा अखत्यार. म्हणून संसदेला, तिला तिकडे काँग्रेस म्हणतात, तिला हात घालावा लागला, आणि २००५ चे ते कलम आले.

या कलमाची घडण शिक्षकबंधूंनी मुद्दाम पाहावी अशी आहे. पहिली गोष्ट, वापरणाऱ्याला जास्तीत जास्त सहा महिने, पण विकणाऱ्याला एक वर्ष. मोहात पडणाऱ्यापेक्षा मोह विकणारा अधिक दोषी, असा हा हिशेब. दुसरी गोष्ट, अधिकार कोणाला, याची यादी. आग विझवणे, कायदा राखणे, आजाऱ्याला तातडीची मदत देणे, सार्वजनिक वाहतूक चालवणे, रस्त्यांची देखभाल करणे, अशी कामे सरकारच्या वतीने जो करतो, त्याला ते यंत्र वापरता येते. तो सरकारी नोकरच पाहिजे असे नाही. कायद्याने काम सोपवलेली खासगी कंपनीही चालते. म्हणजे कायद्याने हुद्दा पाहिला नाही, श्रीमंती पाहिली नाही, गणवेशही पाहिला नाही. त्याने काम पाहिले. खासगी म्हणजे गाडी कोणाच्या मालकीची एवढेच नव्हे, तर ती कोणाच्या कामाला निघाली आहे, हा खरा प्रश्न.

कायदा झाला म्हणून सगळे सुधारले का? तसे कधी होत नसते. २००६ साली कोलोरॅडो राज्यात एक मोटारवाला सापडला. रोजच्या वाटेवरचे सिग्नल तो दोन वर्षे असेच फिरवत होता. सिग्नल वारंवार बिघडतात हे शहराच्या अभियंत्यांच्या ध्यानात आले, म्हणून तो पकडला गेला. तिथल्या स्थानिक नियमाखाली त्याला दंड झाला तो अवघा ५० डॉलर. कागदावरचा कायदा कडक, आणि हातात आलेली शिक्षा अशी हलकी. हा अनुभव काही एकट्या अमेरिकेचा नाही.

म्हणून दुसरा उपायही चालू राहिला. नव्या यंत्रांत नुसती लय नाही, प्रत्येक गाडीची सांकेतिक खूण असते. खूण जुळली तरच दिवा बदलतो, आणि कोणी किती वाजता बदलला याची नोंद राहते. कडीच्या जागी कुलूप आले म्हणायचे. परंतु कुलपाचीही परीक्षा होत असते. २०१४ साली मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्ते खात्याच्या परवानगीने एक तपासणी केली. बिनतारी जाळ्याने जोडलेल्या जवळजवळ शंभर सिग्नलांची व्यवस्था साध्या संगणकावरून ताब्यात घेता येते, असे त्यांना आढळले. जाळ्यातले संदेश उघडे होते, आणि यंत्रांचे परवलीचे शब्द कारखान्यातून आले तेच कोणी बदलले नव्हते! मात्र आडव्या-उभ्या दोन्ही रस्त्यांना एकदम हिरवा दाखवणे असा ताबा घेऊनही साधणारे नव्हते. त्याला अडवणारे वेगळे रक्षक यंत्र पेटीत होते. सॅक्स्बींनी आणि होज यांनी घालून दिलेली शिस्त इतक्या वर्षांनीही उपयोगी पडली.

श्रोतेहो, हा सगळा वृत्तान्त परदेशातला खरा. पण त्यातला प्रश्न आपल्याला परका नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांच्या काठी फड पद्धतीने पाणी वाटण्याची जुनी रीत आहे. तिथे शेतकरी आपल्या हाताने पाटाचे दार उघडत नाही. गावाने नेमलेला पाटकरी पाळीपाळीने पाणी देतो. दार ज्याच्या हाती, त्याने आपल्या शेताकडे पाहायचे नाही. रात्री चोरून पाट फोडणाऱ्याचे पीक त्या दिवशी भिजते खरे, पण उद्यापासून सगळे गाव रात्रभर कंदील घेऊन बांधावर बसते.

आणि आपला लाल दिवा? मोटारीवर लाल दिवा हे आपल्याकडे बरीच वर्षे मोठेपणाचे लक्षण होऊन बसले होते. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला आवर घातला, आणि १ मे २०१७ पासून मंत्री, अधिकारी अशा सर्वांच्या गाड्यांवरचे ते दिवे केंद्र सरकारने उतरवले. टपावरचा दिवा राहिला तो तातडीच्या कामांसाठी. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन बंबाला किंवा रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. एका हाताने मोठेपणाचा हक्क काढून घेतला, दुसऱ्या हाताने कामाचा हक्क पक्का केला. या दोन्ही गोष्टी एकाच विचाराच्या आहेत. प्रत्यारोपणासाठी एखाद्याचे हृदय किंवा यकृत एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे न्यायचे असते, तेव्हा आपले पोलीस चौकाचौकांत उभे राहून वाट मोकळी करतात. कोणाचे हृदय, कोणासाठी चालले, हे थांबलेल्यांपैकी कोणाला ठाऊक नसते. तरी सारे थांबतात.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. नागरिकशास्त्राच्या तासाला तांबडा म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जा, एवढे आपण शिकवतोच. त्यापुढे मुलांना एक प्रश्न घालावा: रांग मोडण्याचा हक्क कोणाला द्यावा, आणि तो कोणी ठरवावा? मुले आधी सांगतील, डॉक्टरांना, पोलिसांना, मंत्र्यांना. मग विचारावे, डॉक्टर लग्नाला निघाले असतील तर? मंत्री जेवायला निघाले असतील तर? आणि गावचा साधा ड्रायव्हर १०८ ची गाडी घेऊन निघाला असेल तर? मुले आपोआप माणसाकडून कामाकडे येतात. अमेरिकेच्या संसदेला जे कलम लिहावे लागले, त्याचा अर्थ चौथीच्या वर्गालाही असा समजावून देता येतो.